मुलीसाठी जुनं, वेगळं मराठी नाव: शोधायचं कुठे आणि पारखायचं कसं

"काहीतरी वेगळं हवंय, पण जुनाट नको. छोटं हवं, अर्थ चांगला हवा आणि ओळखीत कुणाचं नको." घरात मुलगी आली की ही मागणी ठरलेली. मग रात्री बाळाला मांडीवर घेऊन मोबाईलवर नावांच्या याद्या चाळल्या जातात आणि बारशाला पाळण्यातून अन्वी, आर्वी, अनाया, अद्विका यांपैकीच कुणीतरी बाहेर येतं. चार वर्षांनी बालवाडीच्या दारात "अन्वीऽ" अशी हाक मारली की तिघी मागे वळतात. नावं वाईट नाहीत. पण सगळे एकाच यादीत 'वेगळं' शोधत असतील तर दुसरं काय होणार?

वेगळं नाव नव्याने घडवायची गरज बहुतेक वेळा नसते. ते कुठेतरी विसरून पडलेलं असतं: घरातल्या ट्रंकेत, नदीच्या नकाशात, एखाद्या लेण्याच्या भिंतीवर. उचलण्याआधी झटकून, उजेडात धरून पाहावं लागतं, एवढंच. बारशापर्यंत हातात बारा दिवस असतात असं धरून बसू नका. सातव्या-आठव्या महिन्यातच सुरुवात करा. बाळंतपणानंतर दोघांनाही झोपेखेरीज दुसरं काही सुचत नाही.

आधी माहेरची नावं काढा

लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत सर्रास होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं. म्हणजे पणजीचं जे नाव आपण ऐकत आलो ते तिचं दुसरं नाव. पहिलं माहेरीच राहिलं.

प्रसिद्ध घरांतही हेच दिसतं. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई पुनर्विवाहाआधी गोदूबाई होत्या. चौघींची आधीची नावं नद्यांची निघाली, हा योगायोग असेलही. पण माझ्या मनातून तो जात नाही.

माझ्या आजीला आम्ही जन्मभर लक्ष्मी म्हणून ओळखलं. ती गेल्यावर कागद आवरताना चौथीचा दाखला सापडला, त्यावर नाव होतं 'वेणू'. घरात कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं काम हेच सांगते.

सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला, मावशीला, चुलत आजीला फोन करा आणि नेमका प्रश्न विचारा: "तुझं माहेरचं नाव काय होतं? तुझ्या आईचं? घरात हाक काय मारायचे?" 'जुनी नावं सांग' एवढंच म्हटलंत तर त्या पुराणातली नावं सांगतील. मग कागद बघा. शाळेचे दाखले, जुन्या लग्नपत्रिका, जमिनीच्या वारसनोंदी. वारसनोंदीत घरातल्या लेकीबाळींची नावं कधीकधी सापडतात. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला घराण्याचे उपाध्ये असतील तर त्यांच्या वंशावळीच्या वह्याही चाळता येतात.

या टप्प्यावर निवड करायची नाही. ठकू, बनी, चिमा, साळू, जे येईल ते वहीत उतरवा.

मग एक साधी युक्ती करा: नावामागचं 'बाई' काढून टाका. सईबाई म्हटलं की इतिहासाचं पुस्तक आठवतं, सई म्हटलं की शेजारची मुलगी. मुक्ता, जिजा, उमा, अहिल्या ही नावं अशीच नवी झाली. अजून कितीतरी तशीच थांबली आहेत. शिवाजी महाराजांच्या लेकींची नावं बघा: सखू, राणू, अंबिका. राण्यांमधली सगुणा, सोयरा, पुतळा. 'राणू' हे दोन अक्षरी, गोड, कुणालाही उच्चारता येणारं नाव आज एकाही पाळण्यात का नसावं, मला कळत नाही.

मग घराबाहेर पडा, पण यादीकडे नको

घरात काही सापडलं नाही किंवा सापडलेलं मनाला भिडलं नाही, तर शोधायच्या जागा भरपूर आहेत. हा सगळ्यात मजेचा भाग आहे, त्याला वेळ द्या.

सर्वांत जुनं दार म्हणजे शिलालेख आणि ताम्रपट. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेखाशी सातवाहन राणी नागनिका हिचं नाव जोडलेलं आहे. नाशिकच्या लेण्यांमध्ये गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तो राजा आईच्या नावाने ओळखला जातो, हे मुलीच्या बारशाला आवर्जून सांगण्यासारखं. विदर्भात वाकाटकांचा कारभार लहान मुलाच्या वतीने चालवणारी प्रभावती गुप्त हिचे ताम्रपट उपलब्ध आहेत. नागनिका थोडं भारी वाटेल, पण 'बलश्री' काय वाईट आहे? प्रभावतीचं 'प्रभा' तर आजीच्या पिढीत होतंच.

त्याच काळाच्या आसपासचा, हाल या सातवाहन राजाच्या नावावरचा गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह. त्यातल्या काही गाथा स्त्रियांच्या नावावर आहेत: रेवा, माधवी, शशिप्रभा, अनुलक्ष्मी. रेवा हे नर्मदेचंही नाव. दोन हजार वर्षं जुनं आणि तरी दोन अक्षरांत संपणारं, असं नाव सहजासहजी मिळत नाही.

पुढे तेराव्या शतकातले महानुभाव. महदाइसा ऊर्फ महदंबा ही मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते, तिचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, प्रसिद्ध आहेत. तिच्या भोवतीच्या बाया म्हणजे बाइसा, आउसा, उमाइसा, आबाइसा. शेवटचं 'सा' आदराचं. ही नावं जशीच्या तशी ठेवणं आज अवघड आहे, पण हाकेचं नाव म्हणून 'आऊ' किंवा 'उमाई' किती आपलं वाटतं!

वारकऱ्यांकडे तर खजिनाच आहे. नामदेवांच्या एका घरात बघा: आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई, सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई आणि त्यांच्यात जनी. चोखोबांच्या घरी सोयरा आणि निर्मळा, दोघींचेही अभंग आहेत. मंगळवेढ्याची कान्होपात्रा. मिरजेच्या मठातली समर्थशिष्या वेणा. 'सोयरा' नावात नातं आहे, 'निर्मळा' या नावातला ळ अस्सल मराठी आहे. मला निवडायला सांगितलं तर मी या दोनांवर अडून बसेन.

वेदांतल्या ऋषिका हल्ली पुन्हा फॅशनमध्ये आहेत. मैत्रेयी आणि गार्गी आता वेगळ्या राहिलेल्या नाहीत. घोषा, विश्ववारा, अपाला, लोपामुद्रा अजून आहेत. त्यांच्यापाशी थोडं सांभाळून. का, ते पुढे येतंच.

आणि नद्या. महाबळेश्वरला पाच उगम मानतात: कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री. त्यातली सावित्री आणि कृष्णा सगळ्यांच्या ओळखीच्या, वेण्णा आणि कोयना मात्र मुलींच्या नावांत क्वचित दिसतात. इंद्रायणी, पूर्णा, वारणा, प्रवरा. प्रवरा म्हणजे श्रेष्ठ. वर्धा नदीचं जुनं नाव वरदा, म्हणजे वर देणारी. ज्या नदीचं पाणी प्यालात तिचं नाव लेकीला दिलंत तर ते कुठून आलं हे सांगायला गोष्ट शोधावी लागत नाही.

मनुस्मृतीत (3.9) सांगितलं आहे की नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी यांचं नाव असलेली मुलगी लग्नाला करू नये. आपल्या लोकांनी हे कधीच मनावर घेतलं नाही. घरोघरी गंगा, गोदा, रोहिणी, रेवती, तुळसा, मैना नांदल्या. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात आधी (2.33) मुलीचं नाव कसं असावं तेही आहे: उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनाला भावणारं, शेवटचं अक्षर दीर्घ. बाकी ग्रंथाशी कितीही भांडण असो, ही कसोटी व्यवहाराची आहे.

फुलांमध्ये सायली, जुई, केतकी, अबोली होऊन गेल्या. बकुळा, शेवंती, कुंदा, मालती, यूथिका (म्हणजे जुईच) अजून वाट बघत आहेत. देवींमध्ये एकवीरा, योगेश्वरी, रेणुका, यमाई, आणि खंडोबाची म्हाळसा. म्हाळसा हे नाव लावायला धाडस लागेल, पण ज्या घरात जेजुरीची वारी आहे तिथे ते शोभेल.

अर्थ कोशात बघा

वहीत आता तीस-चाळीस नावं जमली असतील. चाळणी इथून सुरू होते.

इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये निम्म्या नावांचा अर्थ 'देवाची कृपा', 'राजकुमारी' किंवा 'सुंदर' असा दिलेला असतो. यातल्या एकाही अर्थावर कोश उघडल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मोल्सवर्थचा मराठी कोश आणि वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट शोधता येतात. पुराणातलं नाव असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश वाचनालयात बसून बघा. कोशात नाव सापडलं नाही, तर ते फक्त नाद म्हणून घेतलेलं नाव आहे हे मान्य करून ठेवा. त्यात गुन्हा नाही. 'संस्कृत नाव आहे' असं मात्र पाहुण्यांना सांगू नका.

कानाला गोड आणि अर्थाला वाईट अशी नावं असतात. 'मृषा' म्हणजे खोटं. 'अनृता' हे अमृतासारखं ऐकू येतं, पण अनृत म्हणजे असत्य. 'कृत्या' म्हणजे जारणमारणातून उभी केलेली संहारक शक्ती. 'रोमशा' ही ऋग्वेदातली ऋषिका खरी, पण शब्दाचा अर्थ केसाळ. 'अनया' नाव बऱ्याच जणांना आवडतं. कोशात 'अनय' काढलंत तर दुर्वर्तन हा अर्थ समोर येतो. उलट 'अनघा' घाबरण्यासारखं वाटलं तरी उत्तम आहे: अघ म्हणजे पाप, ते जिच्याकडे नाही ती. म्हणून 'अ' किंवा 'अन्' ने सुरू होणारं नाव आधी फोडून बघायचं.

अर्थ चांगला, पण मागची गोष्ट अवघड, असंही होतं. अपालेची कथा त्वचारोगाची आणि त्यापायी नवऱ्याने टाकल्याची आहे. ती त्यातून बाहेर पडली हेही त्याच कथेत आहे. तुम्हाला त्यातलं काय दिसतं त्यावर ठरवा. लोपामुद्रेचं घरात 'लोपा' होणार, आणि लोप म्हणजे नाहीसं होणं. नद्यांमध्ये 'वैतरणा' सुंदर वाहते, पण ऐकणाऱ्याला यमलोकाच्या वाटेवरची वैतरणीच आठवते. 'नीरा' म्हटलं की अर्ध्या लोकांना नदीआधी ताडाचं पेय आठवतं.

आणि काही जुनी नावं जुनीच राहू द्यावीत. मुलं जगत नसलेल्या घरात दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम धोंडी, दगडी, केरा असली नावं ठेवत. मुलीवर मुलगी झाली म्हणून 'नकुशी' ठेवत. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 200हून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. पणजीचं नाव दगडाबाई निघालं तर त्यामागचं दुःख समजून घ्या, ती हकिकत लेकीला जरूर सांगा, पण नाव पुढे चालवू नका.

हाक मारून बघा

कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव यात फरक असतो. उरलेली आठ-दहा नावं घेऊन खरंच हाका मारा. स्वयंपाकघरातून गच्चीवर ऐकू जाईल अशी एक, रागावल्यावरची एक, झोपवतानाची एक. 'यूथिका' रागाने ओरडून बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. 'रेवा', 'राणू', 'उमा' तिन्ही वेळा टिकतात.

जोडाक्षरं मोजा. एक असेल तर चालतं, दोन झाली की मूल स्वतःचं नाव बोबडं घेत बसतं आणि आजूबाजूचे त्याचं लघुरूप करून टाकतात. लघुरूप होणारच, तेव्हा ते आधीच शोधून ठेवा. एकवीराचं 'एकू' होईल की 'वीरा', हे तुमच्या हातात पहिले सहा महिनेच आहे.

शाळेतली पोरं कशाला यमक जुळवतील याचाही विचार करा. घरातल्या एखाद्या दहा-बारा वर्षांच्या भाच्याला नावं सांगा, तो पाच मिनिटांत सगळे धोके दाखवून देईल. मोठ्यांना हे जमत नाही.

मग पूर्ण नाव. राज्य सरकारच्या 2024च्या निर्णयानुसार 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव शासकीय कागदपत्रांवर चार भागांत येतं: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आईचं आणि मुलीचं नाव शेजारी येणार म्हणजे त्यांचा मेळ बसायला हवा. आई माधवी आणि मुलगी मालती असेल तर हजेरीपट गोंधळेल. चारही भाग सलग तीनदा म्हणा. आद्याक्षरं रोमनमध्ये लिहून काही भलता शब्द तयार होत नाही ना, तेही पाहा.

रोमन लिपीचा प्रश्न जुन्या मराठी नावांना खास छळतो. 'सई' हे 'एस-ए-आय' असं लिहिलं की परराज्यात त्याचं साई होतं, म्हणून कित्येक जणी शेवटी 'वाय-ई-ई' लावतात. 'ळ'ला रोमनमध्ये अक्षरच नाही. निर्मळाची निर्मला होणार हे धरून चला. 'ज्ञ'साठी मराठी माणूस 'डी-एन-वाय' लिहितो आणि उत्तरेकडचा 'जी-वाय'. 'ऋचा' आपल्याकडे रुचा, तिकडे रिचा. 'जाई'तला ज मराठी तोंडाबाहेर टिकत नाही. एवढ्यासाठी नाव सोडू नका, फक्त एकच स्पेलिंग ठरवा आणि पहिल्या कागदापासून तेच ठेवा.

जन्माक्षर आलं तर

पत्रिका पाहणारं घर असेल तर नक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघतं. कधी सोपं निघतं, कधी अडतं. हस्ताच्या चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ. आर्द्राची कु, घ, ङ, छ. उत्तराभाद्रपदाची दू, थ, झ, ञ. 'ण'वरून आणि 'ङ'वरून मुलीचं नाव शोधायला निघालात तर हाती काही लागणार नाही. पूर्वीच्या लोकांनी यावर तोड काढून ठेवली आहे: नावरस नाव, म्हणजे जन्माक्षरावरचं, वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं. नावरस नाव पत्रिकेत राहू द्या. अक्षरासाठी ओढूनताणून नाव बनवणं हाच चमत्कारिक नावांचा मोठा कारखाना आहे.

घरच्यांची समजूत

यादी तीन नावांवर आणा, मगच घरात बोला. चाळीस नावं समोर ठेवलीत तर चाळीस मतं येतील. आई-बाबा दोघांनाही नकाराधिकार असावा, बाकी कुणाला नाही. हे प्रेमाने पण आधीच सांगावं. आजी-आजोबांना नुसतं नाव सांगू नका, ते कुठून आलं तेही सांगा. "सोयरा ठेवतोय" म्हटलं तर कपाळावर आठी येते, "चोखोबांच्या सोयराबाईंचे अभंग ऐकलेत ना?" म्हटलं तर आजोबा स्वतःच एखादा म्हणून दाखवतात. बारशाला आत्याच बाळाच्या कानात नाव सांगणार, तेव्हा तिला आदल्या दिवशी विश्वासात घ्या. ऐन वेळी कानात 'प्रवरा'ऐवजी 'प्रणाली' गेलेलं मी पाहिलं आहे.

एकमत होत नसेल तर पाळण्यात दोन नावं घ्या, एक कागदावर जाईल, एक हाकेला राहील.

कागदावर

जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण नाव त्याच वेळी दिलं पाहिजे असं नाही. बाळाच्या नावाशिवाय नोंद करून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणून रुग्णालयात अर्ज समोर आला की गडबडीत सुचेल ते लिहून मोकळं होऊ नका. रकाना कोरा ठेवा. एकदा भरलेलं नाव मात्र सहज बदलत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना अशा अनेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो, त्यामुळे तिथली चूक सगळीकडे जाते.

नाव भरायला जाताना जाड अक्षरात देवनागरी आणि रोमन दोन्ही लिहिलेला कागद सोबत न्या. तोंडी सांगू नका, विशेषतः नाव अनोळखी असेल तर. समोरचा माणूस त्याच्या कानाला ओळखीचं वाटेल तेच टंकतो. दाखला हातात आला की खिडकीपाशी उभं राहूनच वाचा: ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, आईचं नाव, क्रम. वेण्णाची वेणा झाली असेल तर रांगेतून बाहेर पडण्याआधीच सांगा.